प्रश्न तुमचे, उत्तर तज्ज्ञांचे : ‘आयव्हीपी’ सांगितली आहे

प्रश्न : वय ५२. डाव्या कुशीत वरचेवर दुखतं. सोनोग्राफीत डावी किडनी थोडी फुगलेली आली, म्हणून डॉक्टरांनी आयव्हीपी करायला सांगितली आहे. मला मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. एकदा कोळंबी खाऊन अंगावर पित्त उठलं होतं. तपासणीत काय करतात? – एक वाचक, सांगली

उत्तर : आयव्हीपी (इंट्राव्हेनस पायलोग्राफी) म्हणजे शिरेतून औषध देऊन किडनी आणि लघवीच्या मार्गाचे काढलेले एक्स-रे. हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध देतात. सगळे त्याला ‘डाय’ म्हणतात, पण त्याला रंग नसतो आणि लघवीचा रंगही बदलत नाही. किडन्या ते गाळून लघवीत सोडतात. एक्स-रेत ते पांढरं दिसतं, त्यामुळे किडनी, मूत्रवाहिनी आणि मूत्राशयाचा आकार उमटतो.

ही तपासणी बिघडते ती बहुतेक वेळा पोट साफ नसल्यामुळे. किडन्या आतड्यांच्या मागे असतात. मधे मळ आणि वायू असला की बारीक मुतखडा त्यात हरवतो. आदल्या दिवशी डाळी, उसळी, कोबी, दूध टाळा. पेज किंवा मऊ भात खा. रात्री दिलेली जुलाबाची गोळी ‘मला रोज साफ होते’ म्हणून टाळू नका. सकाळी चालतं-फिरतं राहा, पडून राहिल्याने वायू साठतो. तंबाखू, च्युइंग गमही नको, कारण चघळताना हवा गिळली जाते. साधारण ४ ते ६ तास उपाशी राहायला सांगतात. पाण्याचं मात्र केंद्रावर विचारून घ्या. मधुमेह्याने स्वतःहून पाणी तोडणं किडनीला बरं नाही. उपाशीपोटी साखर उतरू नये म्हणून सकाळची वेळ मागा.

क्रिएटिनिनचा (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट न्या. मेटफॉर्मिनचा निर्णय त्यावरच होतो. किडनीचं काम चांगलं असेल तर ते सहसा थांबवावं लागत नाही. फार कमी असेल तर बंद करून ४८ तासांनी, क्रिएटिनिन पुन्हा पाहून सुरू करतात. कोळंबीचं म्हणाल, तर तिची अ‍ॅलर्जी कोळंबीतल्या प्रथिनांची असते, आयोडीनची नव्हे. तरी सांगून ठेवा. पूर्वी कधी डायनेच त्रास झाला असेल किंवा दमा असेल, तर ते सांगणं जास्त महत्त्वाचं.

अंगावरचा धातू काढावा लागतो. चांदीचा करदोटा हमखास विसरतो आणि नेमका फिल्मवर येतो.

आधी डाय न देता एक साधा एक्स-रे होतो. डाय दिल्यावर खडाही पांढरा, डायही पांढरी. म्हणून खडा आधीच पाहून ठेवायचा. मग ५० ते १०० मिलिलिटर डाय देतात. अंगभर गरम लाट येते, तोंडाला धातूची चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं (होत नाही!). एक-दोन मिनिटांत हे ओसरतं. खाज, गांधी, घशात आवळल्यासारखं, धाप किंवा सुई टोचलेल्या जागी सूज व आग जाणवली तर मात्र त्याच क्षणी बोला.

पुढे ठरावीक अंतराने फिल्म काढतात. दर वेळी श्वास रोखायचा. कधी पोटावर पट्टा आवळतात, म्हणजे डाय वरच थांबून किडनीचा आतला भाग भरून दिसतो. पोटाचं ताजं ऑपरेशन झालं असेल किंवा कळ चालू असेल तर पट्टा लावत नाहीत. शेवटच्या दोन फिल्म मूत्राशय भरलेलं असताना आणि लघवी करून आल्यावर. एकूण तासभर धरा.

प्रश्न : वडिलांना आयव्हीपीच्या एक्स-रेसाठी त्याच दिवशी चार तासांनी आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा बोलावलं. मशीन बिघडलं होतं का? – एक वाचक, जळगाव

उत्तर : नाही. वाटेत अडथळा असलेली किडनी डाय फार हळू सोडते. अडथळा नेमका कुठे आहे हे दिसेपर्यंत थांबावं लागतं, कधी २४ तासांपर्यंत. नव्याने डाय द्यावी लागत नाही.

प्रश्न : खड्यासाठी आता सगळे सीटी स्कॅनच सांगतात. मग आयव्हीपी जुनाट नाही का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : फक्त खडा शोधायचा असेल तर बिनडायचं सीटी सरस, हे खरंच. युरिक अ‍ॅसिडचे खडे साध्या एक्स-रेत दिसत नाहीत, सीटीत दिसतात. पण सीटी जवळ नसेल, तर मूत्रवाहिनीचा मार्ग आणि किडनी डाय कशी सोडते हे आयव्हीपी अजूनही चांगलं दाखवते. गर्भारपणाची शंका असेल तर दोन्हींच्या आधी सांगा. अंगावर पाजणाऱ्या आईला डायमुळे दूध तोडावं लागत नाही.