वाचकांचे प्रश्न : म्युनिकच्या स्टेडियममधील पहिला सामना

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त म्युनिकमध्ये राहतो. ऑक्टोबरात आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार असून अलियान्झ अरेनामधील बायर्न म्युनिकच्या सामन्याची तिकिटे काढण्याचे त्याने ठरवले आहे. प्रत्यक्ष फुटबॉल मी आजवर फक्त बालेवाडीला पाहिला आणि तेथे खेळाडू फार दूर वाटले. मग 75 हजार प्रेक्षकांच्या स्टेडियममध्ये आम्हाला काय दिसणार? शिवाय पत्नीचे गुडघे दुखतात. – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : बालेवाडीला खेळाडू दूर वाटतात ते मैदान व प्रेक्षक यांच्यामध्ये असलेल्या धावपट्टीमुळे. म्युनिककरांनीही हे सोसले आहे. 1972 च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियममध्ये बायर्नचा संघ 2005 पर्यंत खेळत होता आणि तेथेही धावपट्टी होतीच. हेर्त्सोग व द म्यूरोन या स्विस वास्तुविशारदांचे नवे स्टेडियम मात्र केवळ फुटबॉलसाठी बांधलेले आहे. त्यात प्रेक्षकांचे तीन मजले असून त्यांचा उतार खालून वर 24, 30 आणि 34 अंश असा वाढत जातो, त्यामुळे सर्वांत वरच्या मजल्यावरूनही खेळ नजरेच्या थेट खाली येतो. किंबहुना संघाची मांडणी समजून घ्यायची असेल, तर वरूनच ती अधिक चांगली दिसते.

परंतु 34 अंश म्हणजे जवळजवळ घरातल्या जिन्याइतका चढ, आणि तेथवर पोहोचण्यासाठी बाहेरील आवरणाच्या आतून जाणारे लांबलचक जिने आहेत. तेव्हा आपल्या चिरंजीवांनी खालच्या किंवा मधल्या मजल्यावरील, शक्यतो मैदानाच्या लांब बाजूची तिकिटे पाहावीत. दक्षिणेकडील गोलच्या मागचा भाग टाळावा. तेथे कट्टर समर्थक पूर्ण सामना उभे राहून, झेंडे नाचवत आणि गाणी म्हणत पाहतात. ते दृश्य आपल्या जागेवरून पाहण्यात अधिक आनंद आहे.

शहराच्या मध्यवर्ती मारिएनप्लाट्झ या चौकातून यू-6 ही भुयारी रेल्वे साधारण पाव तासात स्टेडियमजवळच्या फ्रोटमानिंग स्थानकावर पोहोचते. पुढे बरेच चालावे लागते, म्हणून वेळ हाताशी ठेवावा. ए-4 कागदापेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही, हे सौभाग्यवतींना आधीच सांगितलेले बरे!

दूरून दिसणारे पांढरे आवरण म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराच्या, हवा भरलेल्या प्लास्टिकच्या सुमारे 2,800 उशा आहेत. त्यांचा पडदा जेमतेम 0.2 मिलिमीटर जाड असतो. बायर्नच्या सामन्याला त्या लाल उजळतात. पूर्वी 1860 म्युनिक हा शहरातील दुसरा संघही येथेच खेळत असे आणि त्याच्या सामन्याला हेच स्टेडियम निळे होई. 2017 मध्ये तो संघ येथून गेला. सामना चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेचा असेल, तर स्टेडियमचे नाव कोठेच न दिसल्यास गोंधळू नये, कारण ‘अलियान्झ’ हे प्रायोजक विमा कंपनीचे नाव असून त्या स्पर्धेत ते वापरता येत नाही.

संग्रहालय आणि स्टेडियमची मार्गदर्शित फेरी यांसाठी सामन्याचा दिवस सोडून वेगळा दिवस ठेवावा. त्याच दिवशी शेजारची टेकडीही पाहता येईल. कचऱ्याच्या भरावातून झालेल्या या टेकडीने जुने फ्रोटमानिंग गाव गिळले. उरले ते केवळ तेथील प्राचीन चर्च. त्या चर्चचीच हुबेहूब प्रतिकृती टेकडीच्या उतारात अर्धी गाडलेली आहे. गुडघ्यांनी साथ दिली, तर संध्याकाळी थोडे वर चढून स्टेडियमकडे वळून पाहावे.