काम अडलं कुठे, ते आधी बघू

"दर हिवाळ्यात काहीतरी करायला घेते. विणकाम, क्रोशा, चित्रं. एकही पुरं होत नाही. माझ्यात चिकाटीच नाही का?"

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांचा हा प्रश्न हमखास असतो. विचारणाऱ्या बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या बायका असतात. पुरुषही विचारतात, पण ते पेटीबद्दल नाहीतर कॅमेऱ्याबद्दल. खालची हकीकत अशाच एका ताईंची. ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील बदलले आहेत, विणकामाचे बदललेले नाहीत.

ताई जुळे सोलापूरच्या. मुलगी शिकायला पुण्याला, यजमान सकाळी नऊला बाहेर पडणारे, घरात सासूबाई. झोप ठीक, जेवण ठीक, भिशी आणि शेजारपाजार व्यवस्थित चालू. तक्रार एवढीच: "कशातच टिकत नाही बघा मी. नवी पेठेतनं लोकर आणते, चार दिवस लई उत्साह, मग पिशवी दिवाणात. सासूबाई म्हणतात, पैसे घालवायचे धंदे. आता तसं त्यांचं काही चूक नाही की ओ."

अशा वेळी लहानपणापासून काय काय सोडलं याची यादी काढत बसलं, तर माणूस आणखी खचतो. 'मी अशीच आहे' हे वाक्य तेवढं पक्कं होतं. म्हणून त्यांना एकच काम सांगितलं. पुढच्या वेळी ती पिशवी घेऊन या. काही उसवू नका, काही आवरू नका.

पिशवीतून निघालं ते असं: मुलीसाठी विणायला घेतलेल्या स्वेटरची पाठ, एक मफलर, क्रोशाच्या सात-आठ गोल चकत्या आणि अर्ध्याहून जास्त कोरी चित्रकलेची वही. प्रत्येक वस्तू मध्येच सोडलेली होती हे खरं, पण प्रत्येकीची जागा वेगळी होती. ती जागा नीट पाहिली की स्वभावावर बोलायची फारशी गरज उरत नाही.

आधी स्वेटर. ८ नंबरच्या सुया, मध्यम जाडीची लोकर, १०० टाके. पाठ मुंड्यापर्यंत, म्हणजे बाही जोडायच्या जागेपर्यंत, छान, एकसारखी आलेली आणि बरोबर तिथेच थांबलेली. मुंड्याशी कामाची जात बदलते. तोवर एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट, एक उलट, हात आपोआप चालतो. मुंड्याला दोन्ही कडांना पाच-सहा टाके बंद करायचे, मग एक सुई सोडून एक कडांना दोन टाके एकत्र विणत जायचं, आणि कितव्या सुईवर आहोत ते लक्षात ठेवायचं. ताईंनी लिहून काहीच ठेवलं नव्हतं. मध्ये पाहुणे आले, पाच दिवस गेले, परत हातात घेतल्यावर कुठे होतो तेच कळेना. तिथे काम बंद पडलं. यात चिकाटीचा संबंध किती? फार थोडा. एक चिठ्ठी आणि एक सेफ्टी पिन नव्हती, एवढंच.

शिवाय हिशेब करून पाहिला. ८ नंबरवर १० सेंटीमीटरात साधारण २२ टाके आणि २८ ओळी बसतात. त्या मापाने मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला पंचेचाळीस ते पन्नास हजार टाके लागतात. नवशिक्या हाताचा वेग मिनिटाला वीस टाके धरला, तर चाळीसेक तास. ताईंना दिवसाला पंचवीस मिनिटं मिळतात, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त. आणि सोलापूरची थंडी ती केवढी! डिसेंबरात पहाटे पारा पंधराच्या आसपास येतो, दुपारी पुन्हा तिशीला टेकतो. स्वेटर पुरा होईपर्यंत लोक पंखे पुसायला लागलेले असतात. हा हिशेब ऐकून ताई पहिल्यांदा हसल्या.

मफलर ४० टाक्यांनी सुरू झाला होता. सुईवर मोजले तर ५३. मफलर वर वर रुंद होत गेलेला, आणि ताईंच्या मते हा "हाताचाच दोष". दोष हाताचा नाही, एका सवयीचा आहे. ओळ संपवून सुई फिरवली की धागा सुईवरून मागे ओढला जातो. त्याने पहिला टाका वर खेचला जातो आणि त्याचे दोन्ही पाय सुईवर वेगवेगळे टाके असल्यासारखे दिसतात. नवशिकी बाई ते दोन समजून विणते आणि ओळीला एक टाका वाढतो. उपाय: सुई फिरवल्यावर सुलट टाक्यासाठी धागा सुईच्या खालून मागे न्यायचा, मग पहिला टाका विणायचा. ओळीच्या मध्येच टाका वाढून खाली भोक दिसत असेल, तर कारण वेगळं असतं. तिथे धागा पुढे राहिलेला असतो आणि सुईवर एक फुकटचा वेढा पडतो. याउलट मफलर अरुंद होत चालला असेल, तर टाका गळालाय किंवा दोन टाके एकदम विणले गेलेत. दर दहा ओळींनी टाके मोजले तर फार तर दहा ओळी उसवाव्या लागतात. ताई मोजत नव्हत्या, कारण "मोजायला लागलं की चूक सापडंल ही भीती". हे वाक्य मात्र थांबून ऐकण्यासारखं होतं. घरखर्चाच्या वहीबद्दलही त्या असंच म्हणाल्या. त्यावर आम्ही पुढे बोललो, पण ती वेगळी गोष्ट.

त्याच मफलरच्या कडा आत गुंडाळत होत्या. ताईंनी त्यावर इस्त्री फिरवली होती, त्यामुळे अॅक्रिलिक लोकर चपटी होऊन निर्जीव झालेली. एक ओळ सुलट, एक उलट अशा विणीच्या कडा वळणारच, तो तिचा गुण आहे. बाजूच्या कडा मागे वळतात, खालची-वरची पुढे. दोन्ही बाजूंना चार-पाच टाके प्रत्येक ओळीत सुलट ठेवले आणि सुरुवातीच्या व शेवटच्या सहा ओळी पूर्ण सुलट विणल्या तर वस्तू बरीच सपाट बसते. किंवा सगळाच मफलर सुलट विणावा, मग प्रश्नच नाही.

क्रोशाच्या चकत्यांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची होती, कारण त्यात शब्द दिलेला होता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा हाताने केलेलं वाण लुटणार, असं ताईंनी भिशीत सांगून टाकलं होतं. बायका चाळीस. झाल्या सात-आठ, त्यातल्याही तीन वाटीसारख्या उभ्या राहिलेल्या आणि एकीची झालर झालेली. गोल चकतीचं गणित सोपं आहे: पहिल्या फेरीत १२ खांब (क्रोशाचे उंच टाके), दुसरीत प्रत्येक खांबात दोन म्हणजे २४, तिसरीत एक आड एक दोन म्हणजे ३६. फेरीला बारा वाढले की चकती टेबलावर सपाट बसते. वाढवायला विसरलं की वाटी होते, जास्त वाढवलं की झालर. एवढं सांगितल्यावर पुढची चकती त्यांनी समोर बसूनच सपाट केली. तिला चाळीस मिनिटं लागली. चाळीस बायका गुणिले चाळीस मिनिटं, म्हणजे जवळजवळ सत्तावीस तास, आणि संक्रांत पंधरा दिवसांवर. हात चुकत होता तो चार चकत्यांपुरता. ओझं होतं ते आकड्याचं आणि चारचौघींत बोलून बसल्याचं.

वहीकडे वळताना ताई म्हणाल्या, "हे राहू द्या. चित्र मला येतच नाही." पहिल्या पाच पानांवर तांब्या, प्रत्येक पानावर खोडरबराने कागदाची लव निघालेली. तांब्या जमत नव्हता त्याची दोन कारणं त्या पानांवरच दिसत होती. तोंडाचा गोल त्यांनी दोन्ही टोकांना अणकुचीदार काढला होता. तिरका दिसणारा गोल कधीच टोकदार होत नाही, त्याची टोकं लहान पण गोलसरच असतात. आणि बूड सरळ रेषेत काढलं होतं, कारण तांब्या सपाट ओट्यावर बसतो हे आपल्याला माहीत असतं. डोळ्याला मात्र बुडाची कड वाकलेली दिसते, आणि आपण वरून बघत असलो तर तोंडाच्या गोलापेक्षा जास्तच वाकलेली. आपण बघून काढतोय असं वाटतं, पण हात माहितीवरून काढत असतो. सल्ला दिला तो असा: पेन्सिल आणि रबर आठवडाभर कपाटात. साधं बॉलपेन, रोज दहा मिनिटं, एकच वस्तू, आणि नजर कागदापेक्षा वस्तूवर जास्त. चावीचा जुडगा, सोललेला लसूण, सासूबाईंचा चष्मा. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी दुसरी ओढायची. रबर हाताशी असलं की दहातली आठ मिनिटं खोडण्यात जातात.

"पण चांगलं येणार नसंल तर काढायचं कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९ प्रौढांना ४५ मिनिटं चित्र, कोलाज, माती यांत रमू दिलं. सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, नंतर कमी झालेलं आढळलं, आणि आधीचा अनुभव असण्या-नसण्याने त्यात फरक पडला नाही. अभ्यास लहान होता, तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यावरून फार मोठं काही बोलू नये. पण 'हात चांगला असेल तरच उपयोग' या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही, एवढं नक्की.

मग ताईंनी काय करायचं, यावर दोन बैठका गेल्या. स्वेटर उसवायचा ठरला. हे त्यांना जड गेलं. उसवणं म्हणजे हार, असं त्यांना वाटत होतं. उसवलेली लोकर कुरळी निघते. ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, चार जागी सैल बांधायची, कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून, न पिळता, सावलीत टांगायची. अॅक्रिलिक पूर्ण सरळ होत नाही, पण विणण्याजोगं होतं.

त्या लोकरीतून कानपट्टी. २२ टाके, सगळ्या ओळी सुलट, ४८ सेंटीमीटर लांब, मग टोकं शिवून टाकायची. लोकर चाळीस ग्रॅमच्या आसपास. सुलट विणीत ओळी दाटीने बसतात, १० सेंटीमीटरात चाळीसेक, म्हणजे एकूण बेचाळीसशे टाके. रोजच्या पंचवीस मिनिटांत आठ-नऊ दिवसांचं काम. वस्तू निवडताना ती थंडी संपायच्या आत हातून सुटेल का, एवढाच निकष लावला. काळी किंवा गडद निळी लोकर घ्यायची नाही, चाळिशीच्या डोळ्यांना त्यातले टाके दिसत नाहीत. वेळ सकाळी दहाच्या आत गच्चीवर, नाहीतर रात्री जेवणानंतर. दुपारी बोटांना घाम येतो, लोकर सुईवर अडकते आणि टाके घट्ट होतात. मनगट किंवा अंगठ्याचा बुडखा दुखला की तिथेच थांबायचं. उठताना ओळ पुरी करायची आणि कामाला चिठ्ठी टाचायची: '३४ ओळी झाल्या, टाके २२, पुढची सुलट.' पाच दिवसांनी हातात घेतलं तरी विचार करावा लागू नये, हा तिचा उपयोग.

सासूबाईंचं काय? त्यांना समजावण्याच्या फंदात पडू नका असं सांगितलं. खर्चाचा मुद्दा त्यांचा खरा होता. तो मिटवायला पिशवीतली लोकर संपेपर्यंत नवी आणायची नाही, हा नियम पुरला. कानपट्टी त्यांच्याच डोक्याच्या मापाची केली, ही ताईंची अक्कल, आमची नव्हे.

इथे एक सावधगिरी. ताईंची झोप, भूक, गाठीभेटी शाबूत होत्या, म्हणून हे एवढ्यावर भागलं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन उदास असेल, आवडीच्या कशातच जीव रमत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगणं नको वाटत असेल, तर सुया-लोकर हा इलाज नव्हे. मानसोपचारतज्ज्ञाला गाठा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आता ताईंचं पुढे काय झालं ते. कानपट्टी झाली. नंतर त्यांनी चौकटीच्या कागदावर मोर काढला आणि तो पुढच्या पट्टीत विणायचं मनात घेतलं. चादरीच्या गावात हे सुचणं साहजिकच, नक्षीदार कापड विणणाऱ्या जेकार्ड मागाची नक्षीही पूर्वी अशीच चौकटी रंगवून आखत. तो मोर बुटका आला, कारण कागदाची चौकट चौरस असते आणि विणीतला टाका रुंद जास्त, उंच कमी. एक ओळ सुलट, एक उलट अशा विणीत २२ टाके रुंदीला घेतले तर उंचीला २८ ओळी धरून आखावं लागतं. हे त्यांनी स्वतःच मोजून काढलं. मोजण्याची भीती वाटणाऱ्या ताईंनी. चित्रकलेची वही मात्र दोन आठवड्यांनी त्यांनी सोडली, आणि या वेळी विचार करून सोडली: "नाही आवडत ओ मला ते. विणायलाच बरं वाटतं." ठीक आहे. वही भाचीला गेली.

वाणाचा आकडा चाळीसवरून अकरावर आणला. त्या अकरा चकत्या सख्ख्या मैत्रिणींना आणि जावांना, बाकीच्यांना तिळाच्या वड्यांची पाकिटं. भिशीत एक-दोघींनी विचारलं, हाताचं काय झालं म्हणून. "अकरा झाल्या, बाकीच्या पुढच्या वर्षी," असं सांगून त्या मोकळ्या झाल्या. पुढच्या वर्षीच्या चकत्या त्यांनी होळीनंतर सुरू केल्या, सुती दोऱ्याच्या. उन्हाळ्यात लोकर हातात धरवत नाही.