फुटलेल्या कपबश्या आणि काचेच्या बाटल्या मातीकामात वापरता येतात का?

तुम्ही विचारलंय की फुटक्या कपबश्या आणि सॉसच्या रिकाम्या बाटल्या कुटून मातीत घातल्या तर चालतील का. चालतील, पण दोन्ही एकाच डब्यात साठवू नका. भाजलेली माती भट्टीत तशीच टिकते, काच वितळते. त्यामुळे दोघींची कामं वेगळी.

भाजलेल्या मातीचा चुरा म्हणजे ग्रॉग. माझा ग्रॉग बिस्कमध्ये (पहिल्या भाजणीत) तडकलेल्या, ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) न लावलेल्या भांड्यांचा असतो. तो सहज कुटला जातो. मातीत १०-१५ टक्के घातला की सुकताना आकसणं कमी होतं आणि जाड भांडी तडकत नाहीत. हाताने घडवायच्या मोठ्या कामाला उत्तम. चाकावर मात्र बारीक चाळूनच घ्या, नाहीतर तळहात सोलून निघतात. ग्लेझवाल्या कपबश्यांच्या चुऱ्याला धारदार कडा येतात. मी त्या कुटतच नाही, गच्चीवरच्या चायना मोझॅकसाठी ठेवते.

आता बाटली. साध्या बाटलीच्या काचेत साधारण ७० टक्के सिलिका, बाकी मुख्यतः सोडा आणि चुना. म्हणजे ग्लेझची निम्मी तयारी आधीच झालेली! जयपूरच्या ब्ल्यू पॉटरीत क्वार्ट्झची भुकटी आणि मुलतानी मातीबरोबर काचेची पूड असतेच, पण ती भांडी कमी तापमानावर भाजतात. मी तोच उत्साह १२०० अंशांवर भाजायच्या स्टोनवेअर मातीवर दाखवला आणि वाडगा भाकरीसारखा बसला. तेव्हापासून काच फक्त ग्लेझमध्ये. तिथेही एक खोड आहे: थंड होताना काच मातीपेक्षा जास्त आकसते, म्हणून ग्लेझवर बारीक जाळी पडते. दिसते सुरेख, पण जेवणाच्या ताटलीत नको. काचेचं ग्लेझ थोडंथोडंच कालवा. बादलीत राहिलं की तळाशी दगडासारखं बसतं.

कुटताना बाटली ओल्या गोणपाटात गुंडाळा, मास्क लावा, चष्मा घाला. सिलिकाची धूळ फुफ्फुसात गेली की परत येत नाही. स्वयंपाकघरातला मिक्सर अजिबात नको. क्रिस्टलचे ग्लास वगळा, त्यात शिसं असू शकतं. लोखंडी खलबत्ता वापरलात तर पूड लोहचुंबकावरून फिरवा, नाहीतर तपकिरी ठिपके येतात.

आणि पहिल्या चाचणीच्या फरशीखाली जुनी बिस्क बशी ठेवा. ग्लेझ वाहिलं तर बशी जाईल, भट्टीतलं शेल्फ (भांडी ठेवायची फळी) वाचेल. माझे दोन शेल्फ छिन्नीने खरवडावे लागले होते.