मटेरियल सायन्सची पीएचडी सांभाळून शाळांमध्ये जायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात मटेरियल सायन्सच्या पीएचडीचं पहिलं वर्ष सुरू आहे, जिल्हा परिषदेच्या शाळांत जाऊन मुलांना काही दाखवावं अशी मनापासून इच्छा आहे, पण गाइड म्हणतात, 'आधी पेपर, मग समाजसेवा.' शिवाय दाखवायचं काय तेही सुचत नाही, कारण आपल्याकडे ना दुर्बीण, ना रॉकेट. मी पुण्यात तांबे-ॲल्युमिनियम-निकेलच्या शेप मेमरी मिश्रधातूंवर (वाकवले तरी तापवल्यावर जुन्या आकारात परतणाऱ्या धातूंवर) पीएचडी केली. ती चालू असतानाच शाळा, आयटीआय, बचत गटांच्या बैठका अशा ठिकाणी जात राहिले. त्या अनुभवावरून लिहिते.

आधी काय दाखवायचं ते सांगते, कारण ते ठरलं की वेळेचा आणि गाइडचा प्रश्न बराच सोपा होतो.

एकच प्रयोग निवडा, आणि तो तुमच्या थिसिसशी रक्ताचं नातं असलेला निवडा. पहिल्या वर्षी सगळ्यांना वाटतं की पेटीत दहा गमती हव्यात. दहा गमती नेल्या की मुलं टाळ्या वाजवतात आणि संध्याकाळपर्यंत विसरतात. तुमचाही प्रत्येक वेळी तयारीत आठवडा जातो.

माझा प्रयोग एका वाक्यात सांगता येतो: लाल होईपर्यंत तापवायचं आणि पाण्यात बुडवायचं. तांब्याची जाड तार मुलीच्या हातात देऊन वाकवायला सांगायची. सहज वाकते. सरळ कर, पुन्हा वाकव, पुन्हा सरळ कर. थोड्याच वेळात तार हट्टाला पेटते, दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो. मग तिचा तोच भाग ज्योतीवर लाल करायचा, पाण्यात बुडवायचा आणि तिलाच परत द्यायचा. तार पुन्हा मऊ! आता गोधडी शिवायची जाड सुई काढायची आणि वर्गाला विचारायचं, हिला असंच केलं तर काय होईल? सगळा वर्ग एका सुरात 'मऊ होईल' म्हणतो. सुई लाल करायची, पाण्यात बुडवायची, पकडीने वाकवायला जायचं, की ती कट्‌दिशी मोडते. तापवणं तेच, पाणी तेच आणि परिणाम उलटा. इथे वर्गात जो गलका होतो, तो दाबू नका. पुढची दहा मिनिटं मुलांनाच कारणं सुचवू द्या.

त्यातलं एखादं मूल हमखास म्हणतं की पाण्याने तांबं मऊ झालं. त्याला तिथल्या तिथे तपासून पाहू द्या: तार लाल करून हवेतच गार होऊ द्यायची. तीही मऊच निघते. म्हणजे तांब्याच्या बाबतीत पाण्याचा काही संबंध नव्हता, काम उष्णतेने केलं. एवढं एक पाऊल मुलांनी स्वतः टाकलं तर माझ्या मते तो तास सार्थकी लागला.

कारण सांगताना मी एकच उपमा वापरते. मोठी सतरंजी अख्खी ओढायला ताकद लागते, पण तिच्या एका टोकाला सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली तर सतरंजी सहज सरकते. धातूतल्या अणूंच्या रांगांतही अशा सुरकुत्या असतात, म्हणून धातू वाकतो. सारखं वाकवलं की सुरकुत्या वाढतात, एकमेकींत अडकतात आणि तार कडक होते. तापवलं की अणूंना हालचाल करता येते, गुंता सुटून नवे स्फटिककण, म्हणजे अणूंच्या रांगा एकाच दिशेने लागलेले छोटे तुकडे, तयार होतात. पोलादात वेगळीच भानगड आहे. लालभडक पोलादात कार्बन लोखंडात विरघळलेला असतो. सावकाश थंड केलं तर तो वेगळा होतो, एकदम पाण्यात घातलं तर त्याला वेळच मिळत नाही. तो आतच अडकतो, लोखंडाच्या रचनेला ताण देतो, आणि जी रचना मिळते तिला आपण मार्टेन्साइट म्हणतो: कठीण, पण ठिसूळ.

आणि इथून मी माझ्या कामावर येते. माझा मिश्रधातूही साधारण 900 अंशांवरून पाण्यातच जायचा आणि त्यातही मार्टेन्साइटच तयार व्हायचा, पण या मार्टेन्साइटमुळे धातूला आपला जुना आकार आठवतो. निकेल-टायटॅनियम या अशाच दुसऱ्या मिश्रधातूची वेडीवाकडी केलेली तार गरम पाण्यात सोडली की क्षणात सरळ होते. दातांच्या तारांमध्ये आणि रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवतात त्या काही स्टेंटमध्ये हाच धातू असतो. 'मग तुम्ही तांब्याचा कशाला करता?' असं कोणीतरी विचारतंच. कारण तो खूप स्वस्त पडतो. 'मग सगळीकडे का नाही वापरत?' कारण तो स्फटिककणांच्या सीमांवर तडकतो, आणि त्याचे कण बारीक करून तडा कसा टाळायचा हाच माझा थिसिस होता. सातवीच्या वर्गाला माझ्या संशोधनाचा मूळ प्रश्न पूर्ण कळायचा, कारण तासभरापूर्वी त्यांनी स्वतः तार वाकवलेली असायची.

स्फटिककण दाखवायला मायक्रोस्कोप लागत नाही. बहुतेक शाळांत कुठे ना कुठे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा बादली असते, तिच्यावरची चकाकती नक्षी म्हणजे जस्ताचे कणच. वेळ असेल तर 1947 साली ब्रॅग आणि नाय या शास्त्रज्ञांनी मांडलेला बुडबुड्यांचा प्रयोग करा: पसरट ताटात साबणाचं पाणी, मत्स्यटाकीचा छोटा पंप आणि इंजेक्शनची सुई. एकसारखे बुडबुडे स्वतःहून रांगा लावतात, मध्येच दिशा बदलतात, एखादी जागा रिकामी ठेवतात. कणांच्या सीमा, रांगांमधले दोष, सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसतं. थिसिसच्या चौथ्या वर्षीही मी तो प्रयोग तितक्याच आनंदाने बघत बसायचे.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आपला विषय लोकांच्या हातात आधीपासून आहे. जुन्नरकडच्या एका शाळेत प्रयोग झाल्यावर मागे उभे असलेले एक आजोबा पुढे आले. आयुष्यभर लोहारकाम केलेले. म्हणाले, 'ताई, नुसतं पाणी दिलेला विळा पहिल्याच दिवशी तुकडे होऊन पडेल. पाणी दिल्यावर परत थोडा शेकायचा, घासलेल्या जागेवर वाळल्या गवताचा रंग चढला की थांबायचं.' हे टेम्परिंग आहे. तो पिवळा रंग साधारण 220 ते 230 अंशांना येतो, निळा 300 च्या आसपास, आणि तो पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या पातळ थराच्या जाडीमुळे दिसतो. आजोबांना अंश माहीत नव्हते, रंग अचूक माहीत होता. पुढचा भाग मी त्यांनाच सांगायला लावला आणि आपण फक्त कारण जोडलं. त्या दिवसापासून शाळेला फोन करताना मी आधी विचारते, गावात लोहार, तांबट, वेल्डर, कल्हईवाले कोणी आहेत का, आणि ते येतील का? पुण्यात तांबट आळीत आजही भांड्यांवर माठारकाम होतं. ठोक्यांची ती नक्षी देखणी आहेच, पण प्रत्येक ठोक्याने तांबं कडकही होत जातं. काशाची तर आणखी मजा: त्यात कथिल बरंच असल्याने सावकाश थंड झालं तर ठिसूळ होतं, आणि लाल करून पाण्यात घातलं तर उलट कमी ठिसूळ राहतं. हे सगळं जाणणारी माणसं वर्गाबाहेर उभी असताना आपण एकट्यानेच बोलणं मला योग्य वाटत नाही.

मोठ्यांच्या कार्यक्रमात एक प्रश्न नक्की येईल, तयार राहा: तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यावं का? तांब्याच्या पृष्ठभागावर अनेक जीवाणू मरतात, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे, ते सांगा. त्याने अमुक आजार बरा होतो का, यावर 'ते डॉक्टरांना विचारा' म्हणा आणि त्यावर ठाम राहा. पण ताक, चिंचेचं सार असलं आंबट काही बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत ठेवू नका, हे जोर देऊन सांगा, कारण आम्लात तांबं विरघळतं. इथून कल्हईवर जाता येतं: कथिल 232 अंशांनाच वितळतं, आणि नवसागर तापला की भांड्यावरचा ऑक्साइडचा थर निघून कथिल नीट धरतं. दहावीच्या विज्ञानात धातुविज्ञानाचा धडा आहे, त्यात क्षरण आणि ते रोखण्याचे उपाय आहेत. शिक्षकांना सांगा की धड्याला धरूनच करतो, मग दोन तास जोडून मिळतात.

वेळेबद्दल. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांनुसार पीएचडी किमान 3 आणि सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त 6 वर्षांत पूर्ण करावी लागते, आणि दर सहामाहीला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. सहा वर्षं ऐकायला भरपूर वाटतात, पण भट्टी बिघडणं, एसईएमची (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची) पाळी पुढे जाणं, निम्मे नमुने पॉलिश करतानाच तडकणं यातच त्यांतलं बरंच जातं. आपल्या कामात मोकळे तास असतात ते भट्टीचे. नमुना 24 तास भट्टीत असतो, तेव्हा सकाळी शाळा करून संध्याकाळी लॅबमध्ये परतता येतं. पॉलिशिंग आणि एसईएमच्या आठवड्यात मात्र कोणालाही तारीख देऊ नका. दोन महिन्यांतून एखादी शाळा आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच शाळा, हे मला सर्वांत चांगलं वाटतं. दुसऱ्या वर्षी मुलं आधीचा प्रयोग घरी करून बघितल्याचं सांगतात, आणि खरी चर्चा तेव्हा होते. शेवटच्या वर्षी, लेखन सुरू झालं की पेटी ज्युनियरकडे द्या आणि त्याला दोनदा सोबत नेऊन तयार करा.

28 फेब्रुवारीचे, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनाचे, मेळावे सुरुवातीला जरूर करा. जीएमआरटी या रेडिओ दुर्बीण केंद्राच्या, जुन्नर भागातल्या खोडदच्या प्रदर्शनात ग्रामीण भागातली मुलं ज्या उत्साहाने येतात तो बघायलाच हवा. पण तिथे एका टेबलासमोर मूल दोन मिनिटं थांबतं, वर्गातल्या दोन तासांची सर त्याला नाही.

गाइडच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं आहे. 'याने माझं संवादकौशल्य वाढेल, थिसिसला फायदा होईल' असं पटवायला जाऊ नका. अनुभवी माणसाला ते पटत नाही, आणि तुम्हीही त्यासाठी जात नाही आहात. 1 जानेवारी 2023 पासून सरकारी संशोधन फेलोशिप दरमहा 37,000 (कनिष्ठ, जेआरएफ) आणि 42,000 रुपये (वरिष्ठ, एसआरएफ) आहे. हा पैसा लोकांचा आहे, आपण काय करतो हे त्यांना कळायला हवं, इतकं सरळ सांगा. मग भट्टीचं वेळापत्रक दाखवून 'या दिवशी लॅबचं काही अडत नाही' हे कागदावर दाखवा. माझ्या गाइडना त्या कागदाने पटलं. जवळ सीएसआयआरची (केंद्र सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेची) प्रयोगशाळा असेल तर शाळकरी मुलांना शास्त्रज्ञांशी जोडणारा, 2017 पासून चालणारा त्यांचा 'जिज्ञासा' उपक्रम बघा. पीएमआरएफ (पंतप्रधान संशोधन फेलोशिप) असेल तर आठवड्यातून एकदा जवळच्या आयटीआय, पॉलिटेक्निक किंवा कॉलेजात शिकवणं अटीतच येतं, तिथेच हा प्रयोग करा. आयटीआयची फिटर-टर्नरची मुलं यावर जे प्रश्न विचारतात ते मला कॉन्फरन्समध्येही क्वचित ऐकायला मिळाले. फेलोशिप महिनोन्‌महिने रखडते, म्हणून प्रवासखर्च खिशातून करायची सवय लावू नका. एसटीचं भाडं शाळेकडे किंवा विभागाकडे आधीच मागा, त्यात कमीपणा नाही.

सुरक्षेत मात्र कुठेही सूट नको. लॅबमधलं एकही रसायन बाहेर न्यायचं नाही. द्रवरूप नायट्रोजन बंद गाडीतून कधीच नेऊ नका, तो उडून गाडीतला ऑक्सिजन कमी होतो आणि ते कळतही नाही. जस्ताचा मुलामा असलेली तार किंवा पितळ ज्योतीवर धरू नका, धूर विषारी असतो. सुई मोडताना स्वतःसकट पुढच्या रांगेतल्या सगळ्यांना गॉगल, आणि सुईवर फडकं. ज्योत फक्त तुमच्या किंवा शिक्षकांच्या हातात.

सुया आधी घरी तपासून घ्या. काही स्वस्त सुया मऊ पोलादाच्या निघतात आणि पाण्यात घालूनही मोडत नाहीत. तांब्याची तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातली घेऊ नका, तिच्यावर इनॅमल असतं आणि जळताना घाण वास येतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात अर्थिंगची उघडी तार मागा. 8 गेज मोठ्या मुलांसाठी, पाचवी-सहावीसाठी 12 गेज, म्हणजे त्याहून बारीक, पुरते.