मैदानातले प्रश्न : अकरांच्या संघात दहा नावं

मागच्या अंकात अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या पहिल्या सामन्यावर चार ओळी लिहिल्या होत्या. ६ नोव्हेंबर १८६९, न्यू जर्सीतलं न्यू ब्रन्सविक, एका बाजूला पंचवीस गडी, आणि रटगर्सनं प्रिन्स्टनला ६–४ असं हरवलं. जाता जाता 'ऑल-अमेरिकन' खेळाडूंचा उल्लेख केला आणि तिथंच फसलो. क्रिकेटवर पानभर लिहिलं तरी पोस्टमन फिरकत नाही, यावर मात्र गठ्ठा आला. त्यातली चार पत्रं घेतोय.

'ऑल-अमेरिकन' म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातला खेळाडू का? ही निवड कोण करतं? माझा भाचा ह्यूस्टनला असतो, तोही खेळाडूंच्या नावापुढे हे बिरुद लावतो, पण नीट सांगत नाही. — एक वाचक, नाशिक

नाही. हा संघ मैदानात कधी उतरतच नाही. मोसम संपला की जाणकार मंडळी देशभरच्या कॉलेजांतून जागेनुसार एकेक उत्तम खेळाडू निवडतात, आणि तो संघ छापून येतो. सगळा कारभार कागदावरचा.

पहिली यादी १८८९ ची. ती कॅस्पर व्हिटनी या क्रीडा पत्रकारानं छापली. पण नाव झालं वॉल्टर कॅम्पचं, आणि यादी मुळात कोणाची यावर अभ्यासक अजून भांडतात. कॅम्प हा येल विद्यापीठाचा माजी खेळाडू. आज जो अमेरिकी फुटबॉल टीव्हीवर दिसतो, चेंडू हातात धरून पुढे पळायचा, त्याची हाडं यानं बसवली. चेंडू कोणाच्या ताब्यात आहे ते स्पष्ट असावं, दोन्ही संघ समोरासमोर रेषेवर उभे राहावेत, एका बाजूला अकराच खेळाडू असावेत, हे सगळं १८८० चं. त्यातून एक भानगड झाली. चेंडू आपलाच आहे म्हटल्यावर तो सोडायचा कशाला? १८८१ च्या येल–प्रिन्स्टन सामन्यात एकानं पूर्वार्ध आणि दुसऱ्यानं उत्तरार्ध चेंडू नुसता धरून काढला. निकाल ०–०, आणि प्रेक्षकांचा संताप. मग १८८२ मध्ये नियम आला की तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जा, नाहीतर चेंडू द्या. कबड्डीत चढाईपटू नुसते हात हलवून परत यायला लागले म्हणून 'करो या मरो' चढाई आणावी लागली, तसलाच प्रकार.

पहिल्या यादीकडे वळू. अकरा नावं, कॉलेजं फक्त तीन. प्रिन्स्टनचे पाच, येलचे तीन, हार्वर्डचे तीन. एवढा मोठा देश, आणि 'ऑल अमेरिका' दोन-तीनशे मैलांत आटोपली! निवडसमितीला जेवढं दिसतं तेवढाच देश असतो. आपल्याकडे जिल्हा निवडचाचणीला पोरं घेऊन गेलेल्या कुठल्याही मास्तरला हे सांगावं लागत नाही.

नावं मात्र खणखणीत होती. येलचा एमस अलोन्झो स्टॅग पुढं शिकागो विद्यापीठाचा प्रशिक्षक झाला आणि चाळीस वर्षं तिथं राहिला. १९५१ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे गाजलेल्यांच्या मानाच्या यादीत, पहिली तुकडी घेतली, तेव्हा खेळाडू म्हणूनही स्टॅग होता आणि प्रशिक्षक म्हणूनही. प्रिन्स्टनच्या क्वार्टरबॅकचं, म्हणजे डाव चालवणाऱ्या खेळाडूचं, नाव एडगर ॲलन पो. हो, त्याच कवीच्या कुळातला. हे पो बंधू सहा, सगळे प्रिन्स्टनकडून खेळले. हा एडगर पुढे मेरीलँड राज्याचा ॲटर्नी जनरल झाला.

आमच्याकडे वडिलांच्या वेळची पॉल रोबसन या गायकाची रेकॉर्ड आहे. नातू म्हणतो, हा माणूस अमेरिकेत फुटबॉलपटू म्हणून गाजलेला होता. खरं आहे का? असेल, तर खेळाच्या पुस्तकांत त्याचं नाव कसं दिसत नाही? — निवृत्त बँक कर्मचारी, सोलापूर

नातवाचं बरोबर आहे. आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठीच या वेळचं सदर लांबलंय.

रोबसनचा जन्म १८९८ चा, प्रिन्स्टन गावातला. वडील गुलामगिरीतून पळून आलेले, पुढं चर्चमध्ये धर्मोपदेशक झालेले. पॉल राज्यपातळीवरची स्पर्धा परीक्षा देऊन शिष्यवृत्तीवर १९१५ मध्ये रटगर्स कॉलेजात दाखल झाला. त्या वर्षी तिथून पन्नासेक किलोमीटरवर, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, बाबासाहेब आंबेडकर शिकत होते. काळ कोणता ते एवढ्यावरून लक्षात यावं. रटगर्सच्या तोवरच्या इतिहासात रोबसन हा तिसरा कृष्णवर्णीय विद्यार्थी.

संघनिवडीच्या सरावाला गेला तेव्हा पहिल्याच दिवशी स्वतःच्याच कॉलेजच्या पोरांनी त्याचं नाक मोडलं आणि खांदा निखळवला. अंथरुणातून उठून तो परत मैदानात आला. एक डाव संपला, रोबसन खाली पडलेला, पंजा जमिनीवर. एकानं खिळ्यांचा बूट त्या पंजावर दिला आणि नखं उखडून काढली. हे त्यानं स्वतः पुढं मुलाखतीत सांगितलंय. पुढच्या डावात तीन-चार जण अंगावर आले, ते त्यानं बाजूला सारले, चेंडू घेऊन येणाऱ्याला उचलून डोक्यावर धरलं आणि आता आपटणार, तेवढ्यात प्रशिक्षक सॅनफर्ड ओरडला, की तुझी निवड झाली!

मी जन्मभर शाळेत पीटी शिकवली. निवडचाचणीत वशिला पाहिला, रडारड पाहिली, पालकांच्या शिव्या खाल्ल्या. पण प्रशिक्षकाला समोरच्याची हाडं वाचवण्यासाठी एखाद्याची निवड जाहीर करावी लागली, असं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

निवड झाली म्हणून सगळं सुरळीत झालं असं समजू नका. १९१६ मध्ये कॉलेजच्या स्थापनेला दीडशे वर्षं झाली म्हणून समारंभ होता, त्यात व्हर्जिनियाच्या वॉशिंग्टन अँड ली कॉलेजशी सामना. पाहुण्यांनी सांगितलं, तो काळा पोरगा असेल तर आम्ही उतरणार नाही. रटगर्सनं मान तुकवली आणि रोबसनला बाहेर बसवलं. सामना बरोबरीत सुटला. पुढच्या वर्षी वेस्ट व्हर्जिनियाकडूनही तीच मागणी आली, तेव्हा मात्र सॅनफर्ड बधला नाही. १९१७ च्या नोव्हेंबरात ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर नौदलाच्या राखीव दलाचा संघ आला, त्यात येलसारख्या कॉलेजांचे नावाजलेले माजी खेळाडू. रटगर्सनं तो १४–० असा उडवला, आणि दुसऱ्या दिवशी पेपरांत रोबसन होता. 'एंड' या जागेवर, म्हणजे रेषेच्या अगदी टोकाला उभं राहून, बाजूनं पळणाऱ्याला अडवायचं हे त्याचं मुख्य काम. सहा फुटांवर उंची, लांब हात. पलीकडून जायला जागाच उरत नसे.

१९१७ आणि १९१८, दोन्ही वर्षी तो ऑल-अमेरिकन ठरला. कॅम्पनंही त्याची निवड केली. अभ्यासातही पहिल्या फळीत. पदवीदान समारंभात वर्गातर्फे भाषण त्याचंच झालं. मग तो कोलंबियात कायदा शिकायला गेला आणि त्या काळात ॲक्रन आणि मिलवॉकीच्या व्यावसायिक संघांकडून खेळला. गाणं आणि नाटक त्यानंतर.

आता तुमचा दुसरा प्रश्न. नाव दिसत नाही, कारण ते काढलं गेलं. रोबसन वंशभेदाविरुद्ध बोलत होता आणि सोव्हिएत संघाबद्दल आपुलकीनं बोलत होता. १९४० च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेत ते पचणारं नव्हतं. सोव्हिएत राजवटीबद्दल तो फारच भाबडा होता असं माझं मत, पण त्याचा टॅकलिंगशी, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडण्याशी, काय संबंध? १९५० मध्ये सरकारनं त्याचा पासपोर्ट काढून घेतला. त्याच वर्षी कॉलेज फुटबॉलचा एक जाडजूड नोंदग्रंथ निघाला. त्यात १९१८ चा ऑल-अमेरिकन संघ आहे, पण नावं दहाच. अकरावी जागा रिकामी. निदान खोटं नाव तरी घालायचं होतं! खाडाखोड करणाऱ्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

१९५१ च्या हॉल ऑफ फेमच्या पहिल्या तुकडीत रोबसन नव्हता. तिथं कृष्णवर्णीय खेळाडू घेतच नव्हते असं नाही. आयोवाचा ड्यूक स्लेटर त्या पहिल्याच तुकडीत आहे. हा स्लेटर बिनहेल्मेटचा खेळायचा. शाळेत असताना घरची ऐपत बूट किंवा हेल्मेट यांतलं एकच घेण्याएवढी होती आणि पाय भलते मोठे, म्हणून यानं बूट निवडले, अशी गोष्ट त्याच्याबद्दल सांगतात. पुढं तो शिकागोत न्यायाधीश झाला. म्हणजे दार उघडं होतं, रोबसनपुरतं बंद. त्याचा पासपोर्ट १९५८ मध्ये परत मिळाला. १९७६ मध्ये तो गेला. हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं १९९५ मध्ये.

त्याहून जास्त उशीर झाला तो विल्यम हेन्री लुईसला. आईवडील पूर्वी गुलाम. हार्वर्डमध्ये कायदा शिकताना हा सेंटरला, म्हणजे रेषेच्या मधोमध, खेळायचा आणि १८९२ व १८९३ असा दोनदा ऑल-अमेरिकन झाला, कृष्णवर्णीयांतला पहिला. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्याला देशाचा सहाय्यक ॲटर्नी जनरल नेमलं. हॉल ऑफ फेमनं त्याला घेतलं २००९ मध्ये, मृत्यूनंतर साठ वर्षांनी.

तुमच्या वडिलांनी ती रेकॉर्ड कधी घेतली ते तुम्ही लिहिलं नाहीत. १९५८ च्या सुमारास असेल तर एक सांगतो. त्या वर्षी रोबसनची साठी भारतात जाहीरपणे साजरी झाली. समितीचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला, आणि पाठीशी पंडित नेहरू. अमेरिकी वकिलातीनं नाराजी कळवून पाहिली, उपयोग झाला नाही. माझी मुलगी एडिसनला असते, तिथून रटगर्स जवळच. २०१९ मध्ये तिथं रोबसनच्या नावाचा चौक झाला. कॉलेजनं उशिरा का होईना केलं, पण छागलांनंतर एकसष्ट वर्षांनी.

अमेरिकेत आता कॉलेजच्या खेळाडूंना म्हणे कोट्यवधी मिळतात. पूर्वी हे लोक खरोखर फुकट खेळायचे का? — प्राध्यापिका, गोंदिया

२०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर आणि छबीवर पैसे कमावता येतात, ते खरं. पूर्वी फुकट खेळायचं असा नियम होता. लोक काय करायचे ते वेगळं. १८८९ च्या पहिल्या यादीतला येलचा पज हेफेलफिंगर घ्या. कॉलेज संपल्यावर, १२ नोव्हेंबर १८९२ ला, पिट्सबर्गच्या एका क्लबनं त्याला एका सामन्याचे रोख ५०० डॉलर दिले. सामन्याचा एकमेव टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेणं, त्यानंच केला. तेव्हा टचडाउनला चार गुण, म्हणून निकाल ४–०. क्लबनं तोंड बंद ठेवलं, पण हिशेबनिसानं खर्चाच्या कागदावर प्रामाणिकपणे आकडा लिहून ठेवला होता! तो कागद पुढं सापडला आणि हेफेलफिंगर पहिला व्यावसायिक खेळाडू ठरला.

नियमाचा बडगा बसला गरिबाला. जिम थॉर्प हा सॅक अँड फॉक्स जमातीचा, कार्लाइल इंडियन स्कूलचा खेळाडू. १९११ मध्ये कार्लाइलनं हार्वर्डला १८–१५ असं हरवलं, त्यात थॉर्पनं चार फील्ड गोल मारले, म्हणजे चारदा लाथेनं चेंडू गोलखांबांमधून धाडला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन दोन्हींची सुवर्णपदकं. पण त्याआधी सुट्टीत तो नॉर्थ कॅरोलिनात किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता. ते उघड झालं आणि १९१३ मध्ये पदकं काढून घेतली. १९८२ मध्ये ऑलिंपिक समितीनं ती परत द्यायचं ठरवलं, तीही दुसऱ्यांबरोबर विभागून. एकटा विजेता म्हणून नाव लागायला २०२२ उजाडलं. तोवर त्याला जाऊन ६९ वर्षं झाली होती.

मी नववीत आहे. प्रश्नमंजूषेसाठी विचारते : हाइसमन ट्रॉफी पहिल्यांदा कोणाला मिळाली? आणि ट्रॉफीवरचा पुतळा हाइसमनचा आहे का? — विद्यार्थिनी, कोल्हापूर

ही मोसमातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूची ट्रॉफी. पहिली १९३५ मध्ये, शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरला. तेव्हा तिला हाइसमनचं नावही नव्हतं. ती न्यूयॉर्कच्या डाउनटाउन ॲथलेटिक क्लबची ट्रॉफी होती. जॉन हाइसमन हा क्लबचा क्रीडा संचालक, जुना प्रशिक्षक. तो १९३६ मध्ये वारला, मग नाव बदललं. व्यावसायिक संघांनी कॉलेजच्या खेळाडूंची पहिली निवड केली त्यातही बर्वँगर पहिल्याच क्रमांकाचा, पण पैशांचं जमलं नाही आणि तो व्यावसायिक सामना एकही खेळला नाही.

पुतळा हाइसमनचा नाही. शिल्पकार फ्रँक एलिस्क्यूनं आपला शाळासोबती एड स्मिथ याला नमुना म्हणून उभं केलं. हा न्यूयॉर्क विद्यापीठाचा खेळाडू. आपण ज्यासाठी उभे राहिलो त्याची एवढी प्रसिद्ध ट्रॉफी झाली, हे स्मिथला १९८२ पर्यंत माहीतच नव्हतं.

आणखी एक. १९३४ मध्ये मिशिगनच्या एका खेळाडूनं बर्वँगरला अडवलं आणि स्वतःच्या गालावर जखम करून घेतली. व्रण कायम राहिला. तो खेळाडू जेरल्ड फोर्ड, पुढं अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. ट्रॉफी मात्र बर्वँगरच्या मावशीकडे होती, आणि तिनं त्या जड ब्राँझचा उपयोग दार उघडं ठेवायला केला. प्रश्नमंजूषेत 'जे बर्वँगर, १९३५' एवढंच लिही. मावशीची गोष्ट विचारली तरच सांग.