पहिला राऊंड ७७ चा

बाळा,

तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला आणि मग झोप लागली नाही. सोळाशे मीटरच्या चार राऊंडचे आकडे खरे पाठवलेस, हे बरं केलंस. ६७, ७८, ९२, ९०. एकूण ५ मिनिटं २७ सेकंद. आणि खाली एकच ओळ: "सर, दोन राऊंड मी सगळ्यांच्या पुढं असतो, मग सगळे निघून जातात. माझ्यात दमच नाही का?"

दम आहे. दम नसलेला पोरगा ९२ च्या राऊंडनंतर ९० चा राऊंड काढत नाही, कडेला जाऊन बसतो. आपल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकात ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला पळाली. माणदेशाच्या मातीत दम आहे का, हा प्रश्न तेव्हाच मिटला. तुझं दुखणं वेगळं आहे. ते तिसऱ्या राऊंडला दिसतं, पण होतं पहिल्या राऊंडला.

पोलीस भरतीचं सोळाशे ५ मिनिटं १० सेकंदांत बसलं की २० पैकी २० गुण. म्हणजे ३१० सेकंद. चार राऊंडला भागलं की साडेसत्त्याहत्तर. तू पहिला मारलास ६७ चा. दहा सेकंद कमावले असं तुला वाटलं असणार. शेवटच्या दोन राऊंडमध्ये तू २७ सेकंद घालवलेस, तो हिशोब मांडलास का कधी? पहिला राऊंड ७७ च्या आत यायचा नाही. कितीदा सांगितलंय मी हे!

शिट्टी वाजली की पाय हलके वाटतात, हे मलाही माहीत आहे. त्या पहिल्या शे-दीडशे मीटरला स्नायूंत आधीच साठवलेली ताकद वापरली जात असते, ती काही सेकंदांत संपते. फुप्फुसं आणि हृदय पूर्ण पुरवठ्याला यायला मिनिटभर तरी जातं. तोवर तू ६७ च्या वेगानं गेलास तर उरलेली ताकद शरीर ऑक्सिजनशिवाय काढतं, आणि त्याची आम्लता मांड्यांत साचते. ती शर्यत संपेपर्यंत उतरत नाही. तिसऱ्या राऊंडला पायात शिसं ओतल्यासारखं होतं, ते हेच. सोळाशेतली तीन चतुर्थांशांहून जास्त ऊर्जा ऑक्सिजनवर निघते. ही दमाची शर्यत आहे आणि तू ती शंभर मीटरसारखी सुरू करतोस.

आता तुला एक सांगतो, जे तुमच्यापैकी कुणाला सांगितलेलं नाही. माझी शेवटची सैन्यभरती होती, एकविसावं संपत आलं होतं. बॅचला शंभरावर पोरं, पहाटेचा गारठा. शिट्टी झाली आणि कोपरं मारत मी पुढं घुसलो. पहिला राऊंड पूर्ण झाला तेव्हा माझ्यापुढं दोघंच होते. वडील तारेच्या कुंपणाबाहेर उभे होते, त्यांनी हात वर केलेला मला दिसला. त्या हातासाठी मी दुसरा राऊंडही तसाच ओढला. तिसऱ्या राऊंडच्या वळणावर पोटात चमक आली आणि एकेक जण बाजूनं जायला लागला. मी शेवटच्या सरळीवर आलो तेव्हा जवानांनी दोर आडवा धरला होता. दोरापासून मी वीस पावलांवर होतो. माझ्यापुढं जी पोरं आत गेली त्यातली निम्मी सरावात माझ्या मागं असायची.

वडील परतीच्या एसटीत काही बोलले नाहीत. ते वारले तोवर आमच्यात तो विषय कधी निघाला नाही.

म्हणून मी ओरडतो. तालुक्यातले दुसरे शिकवणारे म्हणतात, हा पोरांना भित्रं पळायला शिकवतो. म्हणू देत. पहिल्या राऊंडला माझी पोरं मागं असतात, बघणारे हसतात. त्यांना पहिला राऊंड पळून बघायचा असतो, मला चौथा. आणि मी चूक असतो तर जगातले सगळे मोठे मैलवीर चूक ठरतील. रॉजर बॅनिस्टरनं ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डला मैल पहिल्यांदा चार मिनिटांच्या आत आणला, ३ मिनिटं ५९.४ सेकंद. त्याचे राऊंड पाठ कर: ५७.५, ६०.७, ६२.३, ५८.९. सगळ्यात जलद आणि सगळ्यात संथ राऊंडमध्ये पाच सेकंदांचंही अंतर नाही. तुझ्यात पंचवीस आहे. आणि त्याच्यापुढं वेग धरून द्यायला ब्रॅशर आणि चॅटवे असे दोन मित्र होते. तुझ्यापुढं कुणी नसणार, म्हणून तो वेग तुझ्या अंगात मुरला पाहिजे.

गेल्या मंगळवारी सहा चारशे दिले होते, ७८ चे, मधे दोन मिनिटं चालणं. पहिले दोन तू ७२ आणि ७१ ला आणलेस आणि माझ्याकडं बघून हसलास. पाचवा ८४. सहाव्याला गुडघ्यावर हात ठेवून वाकलास, थुंकी जमिनीपर्यंत लोंबत होती. मला त्या ७१ चा राग आला होता, ८४ चा आला नाही. सहाही चारशे ७८ ला येतील तेव्हा तू तयार झालास असं मी म्हणेन. पहिला चारशे पळताना 'हे फारच सावकाश आहे' असं वाटलं पाहिजे. तसं वाटत नसेल तर तू चुकतोयस.

रोज सोळाशेचं टायमिंग काढणं आजपासून बंद. पंधरा दिवसांतून एकदा, मी घड्याळ धरेन तेव्हाच. आठवड्यात जोराचे दिवस दोन. एक चारशेचा, एक वीस मिनिटं सलग दाबून पळण्याचा. बाकीचे दिवस सहा-सात किलोमीटर इतकं सावकाश, की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. रविवारी सुट्टी. नडगी दुखते म्हणालास, तर डांबरी सोड आणि कॅनॉलच्या मातीच्या रस्त्यानं पळ. मित्रानं इंजेक्शनाचं सुचवलं असं लिहिलंस. तो विषय माझ्याकडं पुन्हा काढायचा नाही.

आज तुझा आकडा ७७ नाही, ८० आहे. पावणेब्याऐंशीचे चार राऊंड मारलेस तरी तुझं हेच ५:२७ येतं, आणि ते धापा न टाकता येईल. पुढच्या ट्रायलला चारही राऊंड ८० चे. ५:२० होतील. ८० वरून ७७ वर आपण तीन महिन्यांत येऊ, घाईनं येणार नाही.

वळणावर कुणाला ओलांडू नकोस. एक लेन बाहेरून अख्खा राऊंड काढलास तर सात मीटरपेक्षा जास्त पळावं लागतं. ओलांडायचं सरळीवर. तिसऱ्या राऊंडला जोर लावायचा, कारण तिथं जोर लावला तरच आहे तो वेग टिकतो. शेवटचे तीनशे उरले की हात जोरात हलव, पाय हातांच्या मागं येतात. पण हे सगळं तेव्हाच, जेव्हा पहिल्याला तू घड्याळ ऐकलंस. बाजूची पोरं पुढं जातील. जाऊ देत. तुझ्या वडिलांनी कुंपणाबाहेरून हात वर केला तरी बघू नकोस.

आणि एक. तू सराव करतोस तो रस्ता मोटारसायकलच्या मीटरवर मोजलेला आहे, असं तुझा भाऊ म्हणाला. तो सोळाशे नसणार. शनिवारी पहाटे साडेपाचला शाळेच्या मैदानावर ये. ग्रामपंचायतीतून पन्नास मीटरचा टेप मागून आण. चुना माझ्याकडं आहे. दर दोनशे मीटरला पट्टा मारू, आणि पहिल्या पट्ट्यावर मी घड्याळ घेऊन उभा राहीन. ४० च्या आत आलास तर थांबवून परत सुरुवातीला पाठवीन.