एकही हप्ता चुकवला नाही, तरी कार्ड बंद का?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. दीड लाख मर्यादेचं क्रेडिट कार्ड केवळ आजारपणासाठी म्हणून जपून ठेवलं होतं. दुसरं पन्नास हजारांचं कार्ड किराणा आणि बिलांसाठी वापरते. गेल्या महिन्यात यजमानांना रुग्णालयात दाखल करताना अनामत भरायला मोठं कार्ड दिलं, तर ते चालेना. बँकेत विचारलं तेव्हा कळलं, खातंच बंद केलंय. माझी एका रुपयाचीही थकबाकी नाही. मग ही शिक्षा कशासाठी? – एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, पत्र वाचून वाईट वाटलं. यजमान आता बरे असतील अशी आशा करते. मी बँकेच्या कार्ड विभागात बरीच वर्षं काम केलं आहे. अडीअडचणीसाठी म्हणून कार्ड कपाटात ठेवणारी माणसं मला तिथे सतत भेटत. ती बहुतेक तुमच्यासारखीच काटकसरी आणि वेळेवर पैसे भरणारी असत. म्हणून हे नीट सांगते.

तुमचं कार्ड जपून ठेवल्यामुळेच बंद झालं असणार. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांनुसार एक वर्षाहून अधिक काळ कार्ड वापरलं नाही, तर बँकेने ग्राहकाला कळवून ते बंद करण्याची प्रक्रिया सुरू करायची असते. 30 दिवसांत उत्तर आलं नाही आणि येणं बाकी नसेल, तर खातं बंद होतं. बँकेलाही अशा कार्डातून काही मिळत नाही. आपण खरेदी केली की दुकानदाराकडून कापल्या जाणाऱ्या रकमेतला वाटा तिला मिळतो. पडून राहिलेल्या कार्डावर मिळकत शून्य, पण दीड लाख कधीही उचलले जातील ही जोखीम मात्र कायम.

थकबाकी, केवायसीची अपुरी कागदपत्रं, घरगुती कार्डावर धंद्याचे व्यवहार, याही कारणांनी कार्डं बंद होतात. तुमच्या पत्रात त्यातलं काही दिसत नाही.

आता महत्त्वाचं : तुम्हाला कळवलं होतं का? बँकेकडे तुमचा कोणता मोबाइल क्रमांक आणि कोणता ई-मेल नोंदलेला आहे, ते आधी बघा. निवृत्तीनंतर क्रमांक बदलतो आणि नोंद जुनीच राहते, हे मी फार वेळा पाहिलं आहे. सूचना कोणत्या तारखेला, कुठे पाठवली ते बँकेकडून लेखी मागा. पाठवलीच नसेल, तर ती बँकेची चूक आहे आणि तुम्ही गप्प बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे शुल्क लागत नाही. 14448 वर फोन करून रीत विचारता येते.

बंद खात्यात तुमचे जादा पैसे जमा असतील, तर ते तुमच्या बचत खात्यात वळते करणं बँकेवर बंधनकारक आहे. त्या कार्डावरून विम्याचा हप्ता आपोआप जात असेल, तर तो आजच दुसरीकडे लावा. पॉलिसी खंडित झाली तर कार्डापेक्षा मोठं नुकसान होईल.

सिबिल गुणांकावर, म्हणजे कर्ज देताना बँका बघतात त्या पतगुणांवर, थोडा परिणाम होऊ शकतो. मर्यादेतला मोठा हिस्सा वापरला जाऊ लागला, की तो घसरू शकतो. समजा, तुम्ही महिन्याला वीस हजार खर्च करता. दोन्ही कार्डांच्या मिळून दोन लाखांच्या मर्यादेत तो 10 टक्के होता, आता पन्नास हजारांत तोच 40 टक्के झाला. बिल तयार होण्याआधीच काही रक्कम भरत गेलात, तर हे प्रमाण खाली राहतं. आपल्या कर्जांची आणि कार्डांची नोंद असलेला क्रेडिट अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो. तो मागवून ‘ग्राहकाच्या विनंतीवरून बंद’ किंवा थकबाकी अशी चुकीची नोंद तर नाही ना, ते तपासा.

घाईने चार बँकांत नवे अर्ज करू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात उमटते. हातातल्या कार्डाचीच मर्यादा वाढवून मागा. आणि दवाखान्याच्या अनामतीपुरती रक्कम सहज मोडता येईल अशा मुदत ठेवीत ठेवा, यजमानांचंही नाव घालून.